समजा, या आजींना उठता येत नाही

५ जानेवारी, सोमवार

आले एकदाची. धुळ्याच्या बाहेर, साक्रीच्या रस्त्याला, शेतांच्या मधोमध एकटीच उभी पिवळी दुमजली इमारत. दारावर पाटी, पाटीवर हसणारे म्हातारा-म्हातारी. असे पांढरेशुभ्र दात आमच्या वयात कोणाचे असतात? पण जागा चांगली आहे, खोटं कशाला बोलू. खिडकीशी पलंग, ऊन पायांवर येईल असा. नळ सोडला की गरम पाणी. आणि मुख्य म्हणजे इथे माझी सून नाही. दिपमालाने माझी पिशवी गाडीपासून खोलीपर्यंत दोन बोटांत धरून आणली, जसा काही आत मेलेला उंदीर. आत लोणचं होतं.

अभिमनची बदली नागपूरला झाली. तिकडच्या सातव्या मजल्यावर बसून मी भिंतीचे पोपडे मोजणार नाही, असं त्याला सांगितलं. मला पहूरला माझ्या घरी राहायचं आहे, माझ्या चुलीवर. तो म्हणे, आई, तुझे गुडघे बघ. मग असं ठरलं की होळीपर्यंत मी इथे राहायचं, पायांचे व्यायाम करायचे, आणि होळीला मी आपल्या पायांनी चालती-फिरती दिसले तर तो मला पहूरला सोडेल. नाही तर नागपूर. मी हो म्हटलं. एवढ्या दिवसांत या पायांना वळण लावता आलं नाही तर मी पुष्पाबाई कसली.

खोलीत आणखी दोघी. सुगंधाबाई साक्रीकडची, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही आणि बोलायची थांबत नाही. मी आल्याबरोबर तिने विचारलं, कथाईन उनी वं अक्का, म्हणजे कुठून आलीस, पोरं किती, सुना कशा, आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिच्या सुनेच्या चुगल्या सुरू. दुसरी रहिमाबी, धुळ्याची, नवरा यंत्रमागावर कामाला होता. ती कमी बोलते, म्हणून मला आवडली. पुरुषांच्या खोलीत मुक्ताईनगरकडचे झुलाल नाना आहेत. जेवताना पूर्ण वेळ केळीवर बोलतात. त्यांच्या केळीला लागलेला प्रत्येक रोग आज मला पाठ झाला.

इथे प्रत्येकाला ही वही देतात. आरोग्याची रोजनिशी म्हणे. काय खाल्लं, किती पाणी प्यालं, पोट साफ झालं का, ते रोज लिहायचं. मी चौथी शिकले, पण पोटाच्या बातम्या लिहायला आम्हाला गुरुजींनी शिकवलं नव्हतं. मी माझंच लिहीन.

जेवायला बिनमिठाचं वरण. पिवळं गरम पाणी.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी आमचा आरोग्य शिक्षणाचा तास. घेणारी सारिका मॅडम. नर्सच आहे पण सिस्टर म्हटलेलं तिला चालत नाही. वय तिशीचं, आवाज एस.टी. स्टँडवरच्या भोंग्याचा. तिने आम्हाला हात धुवायला शिकवले. जन्मभर शेणाने घरं सारवलेल्या, मिरच्या कांडलेल्या, पोरांची ढुंगणं धुतलेल्या बायांना ती साबण कुठून कुठे न्यायचा ते दाखवत होती. मग काठी. ज्या गुडघ्याला दुखतं त्याच्या उलट्या हातात काठी धरायची म्हणे. मी नंतर कोणी बघत नाही असं पाहून करून बघितलं. खरंच बरं वाटतं. तिला सांगणार नाही.

दुपारी खरी मजा. जवळच्या नर्सिंगच्या कॉलेजातल्या पोरी बस भरून येतात आणि मधल्या मोठ्या खोलीत त्यांचं प्रात्यक्षिक होतं. तिथे एक पलंग ठेवलाय. त्यावर रबराची बाई निजवलेली असायची, तिच्यावर पोरी शिकायच्या. दिवाळीनंतर तिची मान निखळली, दुरुस्तीला गेली ती आलीच नाही. आता आमच्यातलं कोणीतरी रोगी होतं. बदल्यात साखरेचा चहा. इथे साखर म्हणजे सोनं, त्यामुळे सुगंधाबाई पदर खोचून तयार.

मॅडमने तिला आडवं केलं आणि पोरींना सांगितलं, समजा, या आजींच्या उजव्या अंगाला लकवा झालाय. समजलं? पोरी एका सुरात ओरडल्या, समजलं मॅडम! मग चालू. लुळ्या हातात बाही आधी घालायची, काढताना शेवटी काढायची. घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा. दर थोड्या वेळाने कूस बदलायची. सुगंधाबाई तोंड वाकडं करून अशी पडली होती की तमाशातल्या सोंगाड्याने शिकून घ्यावं. बसचा हॉर्न वाजला, पोरी पळाल्या, मॅडम फोन कानाला लावून गेली. सुगंधाबाई तशीच पडून. मी म्हटलं, ऊठ गं, बघणारं कोणी उरलं नाही. ती म्हणे, थांब जराशी. चहासुद्धा तिने डाव्या हाताने घेतला. नाटकी बाई.

९ जानेवारी

सुगंधाबाईचा उजवा हात उचलला जात नाही. मी चिमटा काढून बघितला. डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलला नाही. डॉक्टर आले. इथले डॉक्टर म्हणजे रक्तदाब मोजायचा आणि मोबाईलकडे बघत "वय" म्हणायचं. त्यांनी वय म्हटलं आणि गोळ्या बदलल्या. धुळ्याचं मोठं इस्पितळ कोणाच्या तोंडी आलं नाही. तिच्या लेकाला फोन झाला, तो म्हणे काळजी घ्या.

एवढं मीठ, एवढं तूप पोटात घालत आली, तर लकवा होणारच. मला कसलं नवल.

१२ जानेवारी, सोमवार

आज रहिमाबी. तिला मी म्हटलं, एका चहासाठी कशाला लोळतेस. ती म्हणे, अक्का, बच्चियाँ सीखती हैं, अपना क्या जाता है.

समजा, या खालांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना काही दिसत नाही. समजलं मॅडम! दोन्ही डोळ्यांवर कापूस ठेवून पट्टी. आंधळ्याला ओढायचं नाही, आपलं कोपर त्याच्या हातात द्यायचं. ताटात काय कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यासारखं सांगायचं, बाराला भात, तीनला भाजी. हे मला पटलं. पण पोरी दात काढत होत्या. हॉर्न वाजला, सगळ्या गेल्या. पट्टी सोडायला कोणी थांबलं नाही. शेवटी मीच गाठ सोडली.

रहिमाबी डोळे उघडे ठेवून बसली. मला विचारलं, अक्का, बत्ती गेली क्या?

भर दुपारी.

१३ जानेवारी

डॉक्टरांनी वय म्हटलं.

मी रहिमाबीच्या डोळ्यांसमोर अचानक हात नेला. पापणी लवली नाही. सोंग करणाऱ्याची पापणी लवते, तेवढी फसवणूक डोळ्यांना जमत नाही. ती रडत नाही, हे बरं. सुगंधाबाई दोघींच्या वाटचं रडते. मन्हा हात मन्हा नही ऱ्हायना वं अक्का, असं दिवसभर. मी ओरडले तिच्यावर. ओरडून झाल्यावर बाहेर अंगणात काठी घेऊन फिरून आले. माझे पाय ठीक आहेत.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. तिळगूळ बिनसाखरेचा. अशा तिळगुळावर गोड बोला म्हणायला यांना लाज कशी वाटत नाही.

आज झुलाल नाना. मी तासाला मुद्दाम भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. समजा, या बाबांना काही बोलता येत नाही. समजलं मॅडम! पोरींनी नानांना चित्रांचा पुठ्ठा दिला. पाण्याचा पेला, संडास, पांघरूण. जे पाहिजे त्यावर बोट ठेवा. नाना हसत होते, मध्येच त्यांनी केळीबद्दल काहीतरी सुरू केलं. मॅडमने दटावलं, बाबा, तुम्हाला बोलता येत नाही ना? सगळ्या हसल्या.

जेवताना नाना माझ्यासमोर बसले. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मग खिशातून तो पुठ्ठा काढून पाण्यावर बोट ठेवलं.

त्यांच्या केळीला मी कंटाळले होते, हे मी इथे लिहूनच ठेवलंय. पण आज जेवणाची खोली इतकी शांत होती की मी ताट तसंच ठेवून उठले.

१७ जानेवारी

आता मी लिहिते ते कोणी वाचलं तर मला वेडी म्हणेल. म्हणो.

अंगात येणाऱ्या बायका मला कधी आवडल्या नाहीत. सासूचं ऐकायचं नसलं की त्यांच्या अंगात यायचं, आणि भगताला कोंबडं मिळायचं. सगळं थोतांड. पण एक गोष्ट आमच्या गावचा सगळ्यात लबाड भगतसुद्धा चुकवत नव्हता. बाईला तशीच घुमती सोडून कोणी घरी जायचं नाही. तोंडावर पाणी मारायचे, तिचं नाव घेऊन हाक मारायचे, ऊठ बाई, झालं, असं म्हणायचे. ती उठून पदर सावरायची, मगच मंडळी हलायची. चढवलेलं उतरवायचे.

ही शिकलेली माणसं चढवतात आणि बसला पळतात.

सुगंधाबाईला विचारलं, आधी कोण शिकवायची. दिवाळीपर्यंत दुसरी सिस्टर होती, म्हणे. रबराची बाई असतानाही अधूनमधून ती म्हाताऱ्यांना पलंगावर घ्यायची. पण तास संपला की हात धरून उठवायची, म्हणायची, ऊठ अक्का, तुले काही व्हयेल नही. मग हसायची. कोणाला काही झालं नाही तेव्हा.

१८ जानेवारी

मॅडमकडे गेले. सरळ सांगितलं, तुम्ही रोग चढवता तसा उतरवा. तिघांजवळ जाऊन बोला, उठा, तुम्हाला काही झालेलं नाही. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लहान पोराशी बोलतात तसं बोलली. आजी, अंधश्रद्धा. आजी, याचसाठी तर आपण आरोग्य शिक्षण घेतो. मी म्हटलं, बाई, बोलायला तुझं काय जातं, तोंड तर दिवसभर चालूच असतं. तिला राग आला, पण आली. दारात उभी राहून, फोन बघत, म्हणाली, उठा हं सगळ्यांनी, काही झालं नाहीये तुम्हाला.

काही झालं नाही. अशी भीक घातल्यासारखी बोलली तर दगडसुद्धा ऐकणार नाही. किंवा ते त्या पलंगावरच बोलावं लागत असेल. पोरींसमोर. जिथे चढवलं तिथे.

१९ जानेवारी, सोमवार

आज सुगंधाबाईला पुन्हा त्या पलंगावर नेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, तो धडा. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता मॅडम सुरुवात करेल, शेवटी मी बोलायला लावीन, आणि ही उठेल.

मॅडम पोरींना म्हणाली, या आजींच्या बाबतीत आता समजायची गरज नाही. या खरोखरच्या रुग्ण आहेत.

पोरींनी फार छान केलं. पाठ पुसली, उशा लावल्या, चादरीला एक सुरकुती ठेवली नाही. मॅडमने शाबासकी दिली. खरं सांगते, यांच्यासारखी सेवा दिपमाला सात जन्मांत करणार नाही. तेच तर. आधी रोगी तयार करायचा, मग त्याची सेवा अशी करायची की बघणाऱ्याने हात जोडावेत.

२० जानेवारी

अभिमनला फोन केला. मला आजच्या आज घेऊन जा म्हटलं. तो म्हणे, आई, तूच हट्टाने गेलीस ना? मागून दिपमालाचा आवाज, त्यांचं वय झालंय, तिथेच बऱ्या. सगळ्यांना एकच शब्द येतो.

मी एकटी जाऊ शकते. बस फाटकासमोर थांबते. पण मी गेले तर या तिघांना कोण उठवणार? मला त्यांची माया आली असं नाही. सुगंधाबाईचं रडणं मला सहन होत नाही आणि नानांचं गप्प बसणं त्याहून नाही. शिवाय फोनवर बोलत-बोलत एक पोरगी माणसांची वाट लावते आणि मी पिशवी उचलून पळून जाऊ? तिला घाबरून?

ठरवलंय. परवा मीच झोपते त्या पलंगावर. शेवटी तिच्याकडून सगळ्या पोरींसमोर नीट बोलवून घेते. मी उठले की सिद्ध होईल. मग एकेकाला उठवायला लावते.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी मॅडमला सांगून ठेवलं. ती हसली, म्हणाली, बोलीन हो आजी, तुमच्यासाठी बोलीन, शप्पथ.

समजा, या आजींच्या खुब्याचं हाड मोडलंय आणि त्यांना उठता येत नाही. समजलं मॅडम!

मी छताकडे बघत पडले. पोरींनी पायांमध्ये उशी ठेवली. खालून भांडं कसं सरकवायचं ते दाखवलं. मी दात दाबून पडून राहिले. संपत आलं. मॅडम माझ्याकडे वळली, हसली, माझा हात धरला. उठा आ— आणि फोन वाजला. ती हो सर, हो सर करत बाहेर गेली. मी हाक मारली. मी ओरडले. अगं ए, पुढचं बोल! हॉर्न वाजला. पोरी मला टाटा करून पळाल्या.

पाय आहेत. हात लावला की कळतं. ऐकत नाहीत.

२३ जानेवारी

वय.

२५ जानेवारी

मॅडम येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. म्हणाली, आजी, योगायोग आहे हो. मी म्हटलं, मग पूर्ण वाक्य बोल. ती बोलली. हात धरून, माझ्या पलंगाशी बसून बोलली. उठा आजी, तुम्हाला काही झालेलं नाही.

काही नाही. त्या खोलीत नाही, पोरी नाहीत. किंवा मोडलेला धडा पुन्हा जोडता येत नाही.

एवढंच वाक्य त्या दिवशी पूर्ण केलं असतं तर काय बिघडलं असतं? फोनवरचा सर मरत होता का?

२७ जानेवारी

अभिमन येऊन गेला. पोरींनी माझी वेणी घातली होती, चादर कडक. तो भारावला. एवढी सेवा घरी झाली नसती म्हणाला. पहूरचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

असल्या पोराला मी नऊ महिने वागवलं.

२९ जानेवारी

पोरी कूस बदलताना आपसात बोलत होत्या. शनिवारी त्यांची परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. रबराची बाई अजून आली नाही. एकच धडा उरलाय.

विचारलं, कोणता.

एक म्हणाली, काही नाही आजी, तुम्हाला नुसतं पडून राहायचंय. दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

मृत्यूनंतरची शुश्रूषा. मेलेल्या माणसाचे डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, अंगठे बांधायचे, कापूस, पांढरी चादर. तो धडा.

३० जानेवारी

नाही म्हटलं. ओरडले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला.

मॅडम म्हणे, आजी, परीक्षक वाट बघणार नाहीत, मुलींचं वर्ष जाईल. बाकीचे आता खरे रुग्ण आहेत, त्यांना त्रास कसा देणार? तुम्ही छान पडून राहता. आणि अभिमनभाऊंनी फोनवर हो म्हटलंय. चांगल्या कामाला नाही कशाला, म्हणाले.

मी म्हटलं, मी पण खरी रुग्ण आहे ना आता. तिने माझी चादर सारखी केली.

मग म्हटलं, बरं. पण धडा संपल्यावर उठा म्हणशील? पूर्ण?

तिने बराच विचार केला. ही पहिल्यांदा विचार करताना दिसली. म्हणाली, आजी, म्हणेन. पण या धड्यात रुग्ण उठत नाही. त्यात शेवटी काय म्हणायचं असतं, मला माहीत नाही.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळ

रहिमाबी चाचपडत माझ्यापाशी आली. काहीतरी पढत होती, माझ्यावर फुंकर घातली. मी म्हटलं, फुंकू नको, सर्दी होईल. हसली.

सुगंधाबाई म्हणाली, बठ्ठं बरं हुई जाई. सगळं म्हणे बरं होईल, मूर्ख बाई. डाव्या हाताने माझे केस सारखे करत होती.

पण रहिमाबीने एक गोष्ट विचारली. अक्का, बोलती कौन है? मॅडम. और मानती कौन है? पोरी. त्या समजलं म्हणतात, तेव्हा होतं.

त्या पोरी कशालाही समजलं म्हणतात. कोण बोललं ते बघतही नाहीत.

दुपार

पलंगावर आणलंय. वही पोटाशी, चादरीखाली. पेन्सिल आखूड आहे. परीक्षक टाय लावून खुर्चीत, चहा पितोय. पोरी रांगेत. घाबरल्यात. घाबरलेल्या पोरी जोरात ओरडतात. बरं आहे.

मॅडमने आधी सुरू केलं तर मी गेले. मी आधी बोलले तर—

काय बोलायचं ते ठरवलंय. समजा, या मॅडमना बोलता येत नाही. एवढंच. खणखणीत. वाईट वाटत नाही. थोडंसुद्धा नाही.

हनुवटीची पट्टी आणली. धड्याच्या आधीच बांधताहेत. परीक्षकाला तयारी दाखवायची म्हणे— मान हलवतेय— एका पोरीने डोकं धरलं, हळुवार, शिकवल्यासारखं—

पट्टी सैल आहे. तोंड उघडतंय. थोडं.

मॅडम उभी राहिली. माझ्याकडे बघत नाही. तिने श्वास घेतला— मीही— पोरींनो, इकडे, माझ्याकडे बघा— सम